सर्वांची विहीर, सर्वांचे देऊळ

वर्धा शहरात लक्ष्मीनारायणाचे एक देऊळ आहे. शेठ बच्छराज बजाज या धनवान व्यापाऱ्याने ते बांधविले आणि १९०५ साली ते पुरे झाले. कापसाच्या बाजारासाठी खेड्यापाड्यांतून गाड्या घेऊन आलेले शेतकरी, गावातील व्यापारी, कारकून, बायकामुले अशी अनेक माणसे तेथे दर्शनास येत. तरीही वर्ध्यातील कित्येक कुटुंबांना त्या देवळातील मूर्ती कशी दिसते हे ठाऊक नव्हते. महार, मांग आदी ज्या जातींना त्या काळी अस्पृश्य मानीत, त्या जातींच्या माणसांनी रस्त्यावरूनच कळसाला हात जोडावे व पुढे जावे, असा रिवाज होता. हा रिवाज दारावर लिहून लावण्याची गरज नव्हती. मूल चालू-बोलू लागले, की कोठे थांबावयाचे हे त्याला घरचीच माणसे शिकवीत.

तेवीस वर्षे हे असेच चालले. पुढे ज्याने हे दार उघडविले, तो देऊळ बांधणाऱ्या शेठजींचाच नातू होता. त्याचे नाव जमनालाल.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या लहानशा खेड्यात झाला. वडिलांचे नाव कनीराम व आईचे बिरदीबाई. घरची स्थिती बेताची होती. मुलूख वाळूचा आणि पाण्याचे दुर्भिक्ष. वर्ध्याचे बच्छराज शेठ मूळचे त्याच भागातले. त्यांचा मुलगा अकाली वारला होता व घरात वारस नव्हता. १८९४ साली त्यांच्या पत्नी सदीबाई त्या बाजूस गेल्या असता अंगणात खेळणारा छोटा जमनालाल त्यांच्या नजरेस पडला. हे मूल मला द्या, असे त्यांनी म्हटले आणि बिरदीबाईंनी सहज, पाहुणीचा मान राखण्यासाठी, ते तुमचेच आहे असे उत्तर दिले. सदीबाईंनी तो शब्द खरा मानला. दिलेला शब्द मोडावयाचा नाही म्हणून आईबापांनी काळजावर दगड ठेवून मूल दत्तक दिले. त्या बदल्यात बच्छराजांनी त्या गावाला एक विहीर बांधून दिली. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या गावाला विहिरीहून मोठी देणगी कोणती असणार! जमनालालजींच्या आयुष्याच्या आरंभीच अशी एक विहीर आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

वर्ध्यात आल्यावर जमनालालजी शाळेत गेले ते अवघी चार वर्षे. त्यानंतर पेढीवरचा हिशेब हीच त्यांची शाळा झाली. त्या काळच्या रीतीप्रमाणे १९०२ साली, म्हणजे वयाच्या तेराव्या वर्षी, जानकीदेवींशी त्यांचा विवाह झाला. घरात पैसा अमाप होता. पण त्या पैशाने मुलाची मान वाकली नाही, हे लवकरच दिसून आले. १९०७ साली एका लग्नाला जाताना आजोबांनी त्यांस दागिने घालण्यास सांगितले. जमनालालजींना ते नको होते. बच्छराज तापट स्वभावाचे. रागाच्या भरात त्यांनी नातवाला आपल्या संपत्तीची आठवण करून दिली. सतरा वर्षांच्या जमनालालजींनी त्यावर कागद घेतला आणि आजोबांच्या संपत्तीवर आपला कसलाही हक्क नाही, असे स्वच्छ लिहून दिले. अंगावरच्या कपड्यांनिशी ते घराबाहेर पडले. पत्रात राग नव्हता. उलट आजोबांविषयी आदरच होता. बच्छराजांना पश्चात्ताप झाला. त्यांनी माणसे पाठवून नातवाला परत आणविले. थोड्याच दिवसांत आजोबा वारले आणि सारी इस्टेट जमनालालजींकडे आली. परंतु एकदा लेखी सोडलेल्या धनाचे मालक व्हावयाचे कसे? आपण या धनाचे केवळ राखणदार आहोत, अशी भावना त्यांनी तेव्हापासून मनात धरली.

त्या काळचा वर्धा जिल्हा आज डोळ्यांपुढे आणणे सोपे नाही. गाव एकच, परंतु त्यात दोन वस्त्या. एक गावात, दुसरी गावाबाहेर. विहिरीही निरनिराळ्या. बाहेरच्या वस्तीची विहीर आटली, तर तेथील बाईने घागर घेऊन गावच्या विहिरीपाशी जावे, पण काठावर चढू नये. कोणी दयाळू बाई आली आणि तिने वरून घागरीत पाणी ओतले तर ओतले. नाहीतर उन्हात उभे राहावे. वैशाखात वऱ्हाड-नागपूर भागात ऊन कसे असते, हे या जिल्ह्यातील मुलांना सांगावयास नको. कित्येक शाळांत या वस्तीच्या मुलांना वर्गाबाहेर पडवीत बसवीत. धडा कानांवर पडेल तेवढा पडावा. बाजारात त्यांच्या पैशाला शिवाशीव नसे. मात्र तो पैसा हातात न घेता जमिनीवर ठेवावयास सांगत.

हे सारे रोज सर्वांच्या डोळ्यांसमोर घडे आणि कोणालाही दिसत नसे. जे जन्मापासून पाहिले, ते डोळ्यांना खुपत नाही. जमनालालजीही याच समाजात, सोवळेओवळे पाळणाऱ्या घरातच वाढले होते. गांधीजींशी परिचय झाल्यावर त्यांच्या दृष्टीत मोठा पालट झाला. गांधीजींना ही गोष्ट दिसली होती, याचे एक कारण असे, की दक्षिण आफ्रिकेत त्यांना ती स्वतःच्या देहावर सोसावी लागली होती. १८९३ साली पीटरमॅरिट्झबर्ग येथे पहिल्या वर्गाचे तिकीट खिशात असूनही केवळ कातडीच्या रंगामुळे त्यांस आगगाडीतून उतरविण्यात आले होते. गोऱ्यांनी आपणास दूर लोटले, तर आपल्याला अपमान वाटतो. मग आपणच आपल्या गावात आपल्याच माणसांना दूर लोटतो, त्याचे काय? हा प्रश्न घेऊन गांधीजी हिंदुस्थानात परतले होते. १९२० साली नागपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष जमनालालजी होते. असहकाराच्या ठरावाबरोबरच अस्पृश्यता नष्ट करण्याचे आवाहन त्या अधिवेशनाने केले. त्याच वेळी जमनालालजींनी गांधीजींजवळ एक चमत्कारिक मागणी केली. आपणांस त्यांनी आपला पाचवा मुलगा मानावे, असे ते म्हणाले. गांधीजींनी ती मान्य केली.

मुलगा होणे म्हणजे वडिलांची शिकवण आचरणे, असा अर्थ जमनालालजींनी लावला. सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवी त्यांनी १९२१ साली परत केली. त्याच वर्षी त्यांच्या आग्रहाने वर्ध्यात सत्याग्रहाश्रम निघाला व तो चालविण्यासाठी तरुण विनोबा भावे आले. त्या आश्रमात जातीवरून कोणाचे ताट वेगळे मांडले जात नसे. जमनालालजींनी आपली मुले शिक्षणासाठी विनोबांच्या स्वाधीन केली. १९२३ साली नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात जमनालालजींना कैद व तीन हजार रुपये दंड झाला. दंड भरण्याचे त्यांनी नाकारले, तेव्हा सरकारने त्यांची मोटार जप्त केली. पण नागपुरात ती विकत घेण्यास कोणी पुढे येईना! राजकारणातील या साऱ्या गोष्टींनी त्यांना लोकप्रिय केले. सरकारशी लढणाऱ्याच्या गळ्यात लोक हार घालतात. आपल्याच आप्तांशी आणि शेजाऱ्यांशी लढण्याची पाळी आली, की हार घालणारे हात कमी होतात. जमनालालजींची खरी परीक्षा पुढेच होती.

त्यांनी आरंभ केला तो स्वतःच्या विहिरींपासून. गावच्या विहिरीवर त्यांची एकट्याची सत्ता नव्हती. मात्र आपल्या शेतांतील आणि बागांतील विहिरी कोणाला मोकळ्या कराव्या, हे ठरविणे त्यांच्या हाती होते. त्यांनी त्या सर्वांना मोकळ्या केल्या. ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्यांच्याबरोबर ते एका पंगतीस बसून जेवू लागले. मारवाडी समाजातील जुन्या वळणाच्या मंडळींना हे मुळीच रुचले नाही. ज्ञातीचा रोष म्हणजे काय, हे आज मुलांना समजावून सांगावे लागेल. लग्नाचे बोलावणे येत नाही, घरी कोणी पाण्याला शिवत नाही, मुलामुलींची लग्ने जमविताना दारे बंद होतात. हा रोष जमनालालजींनी आणि त्यांच्याबरोबर जानकीदेवींनीही सोसला. जानकीदेवी कर्मठ घरात वाढल्या होत्या. त्यांनी पडदा सोडला, दागिने सोडले आणि शिवाशीवही सोडली. पतीच्या मागे मुकाट्याने जाणे वेगळे आणि आपल्या मनातील भीती स्वतः काढून टाकणे वेगळे. जानकीदेवींनी हे दुसरे केले, म्हणून त्यांचा वाटा स्वतंत्रपणे सांगितला पाहिजे.

मग देवळाचा प्रश्न आला. वर्ध्यातील देवळे सर्वांना मोकळी व्हावी, यासाठी जमनालालजींनी खटपट केली. पुजारी आणि उच्चवर्णीय मंडळी ऐकेनात. दुसऱ्यांना देवळे उघडावयास सांगणाऱ्याच्या स्वतःच्या देवळाचे काय, असे कोणी विचारले असते तर त्यास उत्तर नव्हते. लक्ष्मीनारायणाचे देऊळ बच्छराजांनी बांधलेले असले, तरी त्याचा कारभार विश्वस्तांकडे होता. त्यांची समजूत घालणे आवश्यक होते. मालकीच्या जोरावर एका रात्रीत कुलूप काढण्यापेक्षा सर्वांना वळवून घेण्याचा मार्ग लांबचा. जमनालालजींनी तोच धरला. अखेर १९२८ सालच्या जुलै महिन्यात लक्ष्मीनारायणाचे देऊळ अस्पृश्य मानलेल्या लोकांना उघडे झाले. पावसाळ्याचे दिवस होते. ज्यांच्या बापांनी आणि आजांनी कळसालाच हात जोडले, ती माणसे पायऱ्या चढून आत गेली. देशातील आरंभीच्या अशा देवळांत वर्ध्याच्या या देवळाची गणना होते.

या घटनेची वार्ता दूरवर गेली. १९२९ साली काँग्रेसने अस्पृश्यता-निवारणासाठी एक समिती नेमली. पंडित मदनमोहन मालवीय तिचे अध्यक्ष व जमनालालजी चिटणीस. जमनालालजी गावोगाव हिंडले, देवळांच्या व विहिरींच्या मालकांना भेटले. वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथील दत्ताचे देऊळही त्या सुमारास खुले झाले. तथापि त्यांच्या विनंतीला नकार देणारेही पुष्कळ भेटले.

येथे एका गोष्टीचा विसर पडता कामा नये. वर्ध्याचे देऊळ उघडले ते एका सज्जन धनिकाच्या प्रयत्नाने. त्याच्या सव्वा वर्ष आधी, २० मार्च १९२७ रोजी, कुलाबा जिल्ह्यातील महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या मागोमाग हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यांनी कोणाची दया मागितली नाही. ते तळे कायद्याने सर्वांना खुले असताना त्यांना अडविण्यात येत होते, म्हणून ती हक्काने गेली. त्या दिवशी त्यांच्यावर हल्ला झाला, पुढे खटला चालला, आणि त्यांच्या बाजूचा अखेरचा निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले. दार आतून उघडणारा आणि दारावर बाहेरून हक्क सांगणारा, या दोघांचे श्रम सारखे नसतात. बाहेर उभा असलेल्याला लाठ्या खाव्या लागतात. आपला समाज बदलला त्यात या दोन्ही तऱ्हेच्या माणसांचा वाटा आहे. पण मार पहिल्याला कमी आणि दुसऱ्याला अधिक पडला.

१९३० साली दांडीयात्रेस निघताना, स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीच्या आश्रमात परत येणार नाही, असा निश्चय गांधीजींनी केला होता. जमनालालजी त्यांस वर्ध्यास येण्याविषयी विनवीत होते. अस्पृश्यता-निवारणासाठी गांधीजींनी देशभर जो मोठा दौरा केला, त्याचा आरंभ ७ नोव्हेंबर १९३३ रोजी वर्ध्याहूनच झाला. गांधीजी त्या काळी अस्पृश्य मानलेल्यांना हरिजन म्हणत. पुढे त्या समाजातील अनेकांना हे नाव आवडेनासे झाले. दुसऱ्याने दिलेल्या गोड नावापेक्षा आपले आपण घेतलेले नाव त्यांना हवे होते, आणि ते योग्यच आहे. दौरा संपल्यावर गांधीजी वर्ध्यात मगनवाडीत राहिले व ३० एप्रिल १९३६ रोजी जवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास गेले. त्या गावच्या मालगुजारीचा मोठा हिस्सा जमनालालजींचा होता. वस्ती बहुतेक अस्पृश्य मानलेल्या गरीब कुटुंबांची. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी नावाचा घोटाळा होऊन टपाल चुकू लागले, म्हणून १९४० साली त्या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले.

त्याच सुमारास डॉ. आंबेडकर वर्ध्यास येऊन शेगावी गांधीजींना भेटले. देवळांची दारे उघडल्याने सारा प्रश्न सुटेल, असे बाबासाहेबांना वाटत नव्हते. शिक्षण, सत्ता आणि मानाची जागा मिळाल्यावाचून हे अंतर मिटणार नाही, असे त्यांचे मत होते. १९३५ साली येवले येथे धर्मांतराचा निश्चयही त्यांनी जाहीर केला होता. या भेटीत मतभेद मिटले नाहीत.

गांधीजी आल्यापासून वर्ध्याच्या लहानशा स्टेशनावर जगभरातील माणसे उतरू लागली. त्यांच्यापैकी अनेकांची व्यवस्था जमनालालजींकडे असे. बजाजवाडीत कोण कोणत्या जातीचा, धर्माचा वा देशाचा, हे पाहून ताट वाढीत नसत. सरहद्द प्रांतातील खान अब्दुल गफारखान येथे पाहुणे म्हणून राहिले. १९३४ च्या डिसेंबरात इंग्रज सरकारने त्यांस वर्ध्यातच अटक केली.

१९३६ साल संपता संपता अमेरिकेतील दोन विद्वान गृहस्थ गांधीजींच्या भेटीसाठी वर्ध्यास आले. एकाचे नाव बेंजामिन मेज व दुसऱ्याचे चॅनिंग टोबायस. दोघेही कृष्णवर्णीय. मेज यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मले होते. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली होती. पण तिच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या माणसांसाठी आगगाडीचा डबा वेगळा, शाळा वेगळी, पाणी पिण्याचा नळसुद्धा वेगळा असे. वर्ध्याच्या विहिरीची गोष्ट या पाहुण्यांना नवी नव्हती. तिचे अमेरिकेतले रूप ते घरून पाहूनच आले होते. बलाढ्य लोकांशी हिंसेवाचून कसे लढावे आणि येथील अस्पृश्यतेचे काय होणार, हे मेज यांनी गांधीजींना विचारले.

त्याच प्रवासात दक्षिण हिंदुस्थानातील अस्पृश्य मुलांच्या एका शाळेत मेज गेले. तेथील मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख करून देताना, हे अमेरिकेतील अस्पृश्य आहेत आणि तरीही एवढे विद्वान झाले आहेत, असे सांगितले. मेज प्रथम चमकले. त्यांना थोडा रागही आला. मग विचार करता ते म्हणणे खरेच असल्याचे त्यांना पटले. मायदेशी परतल्यावर काही वर्षांनी मेज अटलांटा येथील मोअरहाउस महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले. तेथे त्यांचा एक विद्यार्थी होता मार्टिन ल्यूथर किंग. काळ्या-गोऱ्यांना वेगळे बसविणाऱ्या कायद्यांविरुद्ध अमेरिकेत पुढे जो निःशस्त्र लढा झाला, त्याचा पुढारी हाच.

जमनालालजींचे पुढील दिवसही धावपळीचे गेले. जयपूर संस्थानातील प्रजेच्या हक्कांसाठी १९३९ साली त्यांनी कारावास भोगला. शेवटच्या दिवसांत त्यांनी गोसेवेचे काम हाती घेतले. लक्षावधी रुपयांची उलाढाल करणारा हा माणूस वर्ध्याजवळ गोपुरी येथे एका साध्या कुटीत राहू लागला. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यात अकस्मात त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावन्न वर्षांचे होते. बातमी कळताच गांधीजी सेवाग्रामहून धावत आले.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली भारताच्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे घोषित केले. त्याच्या पुढच्याच वर्षी विनोबांनी भूदानाची यात्रा सुरू केली. जमिनी मिळू लागल्या, पण पाण्यावाचून जमीन काय कामाची? तेव्हा जानकीदेवी उतारवयात घराबाहेर पडल्या. त्या गावोगाव फिरून लोकांकडे कूपदान, म्हणजे विहिरींचे दान, मागू लागल्या. या दानातून भूमिहीनांना मिळालेल्या शेतांत विहिरी खोदल्या गेल्या.